कडी कोणाच्या हाती?
मोबाइलवरील ॲप उघडण्याच्या सोपेपणाचा सामाजिक अर्थ

मोबाइल फोनवर एखादे ॲप कसे उघडावे हा काय लेखाचा विषय झाला, असे आपल्या काही वाचकांना वाटेल. या पानांवर जातीची, भुकेची, भाषेची चर्चा व्हावी, यंत्राची चर्चा यंत्रवाल्यांनी करावी, असे म्हणणारेही निघतील. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेतील शिल्लक, रोजगाराची नोंदणी, परीक्षेचे प्रवेशपत्र या साऱ्यांचा रस्ता आज फोनच्या पडद्यावरून जातो. ज्या वस्तूतून हक्काचा रस्ता जातो ती वस्तू केवळ यंत्र राहत नाही, ती एक सामाजिक संस्था होते. आणि संस्था म्हटली की तिचे दार कोणी बांधले, उंबरठा किती उंच ठेवला आणि कडी कोणाच्या हाती दिली, हे प्रश्न आपल्याला विचारावेच लागतात.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. अक्षरओळख नसलेला शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये कुलकर्णी आणि कारकून कसे उभे राहतात आणि त्या उभे राहण्याची किंमत कशी वसूल करतात, हे त्यांनी त्यात उघड करून दाखवले. तो कुलकर्णी गेला, पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. आज तेथे फॉर्म भरून देणारा दुकानदार आहे. त्याला दोष देऊन भागणार नाही, कारण बहुधा तोही आपल्यातलाच एक बेकार पदवीधर असतो. परंतु प्रवेशाच्या दिवसांत माझे विद्यार्थी ज्या निर्धास्तपणे आपला आधार क्रमांक, आपला पासवर्ड आणि फोनवर आलेला ओटीपी अशा दुकानात ठेवून येतात, ते पाहिले की मध्यस्थ बदलला, मध्यस्थी तशीच आहे, असे म्हणावे लागते. प्रस्तुत लेखाचे सूत्र एवढेच आहे की, यंत्रातल्या प्रत्येक अनावश्यक पायरीवर एक मध्यस्थ येऊन बसतो. म्हणून पायरी कमी करणे हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही.

आज्ञेपासून चित्रापर्यंत

संगणकाला पूर्वी शब्दांत आज्ञा द्यावी लागे. आज्ञेचा शब्द पाठ हवा, तो इंग्रजीत हवा, एक अक्षर चुकले तरी काम होत नसे. म्हणजे यंत्राशी बोलण्याचीही एक पोथी होती आणि ती ज्याला मुखोद्गत त्यालाच प्रवेश होता. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक विक्रीस आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फाइल, टपालपेटी यांची छोटी चित्रे होती. चित्राकडे बोट दाखवले की काम सुरू. पाठांतराच्या जागी ओळख आली. हा बदल मोठा होता. परंतु ती चित्रे कोणाच्या ओळखीची होती? कार्यालयात टेबलखुर्चीवर बसणाऱ्यांच्या. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

खिशातल्या यंत्राची गोष्ट थोडी वेगळी. १९९६ साली अमेरिकेत ‘पाम पायलट’ हे यंत्र आले. ते फोन नव्हते, खिशातली वही होते. त्याचे कर्ते जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला होता. दिवसभरात तो केव्हा काढावासा वाटतो आणि कशासाठी, हे ते पाहत. त्यातून जे यंत्र झाले त्याच्या तळाशी चार कळा होत्या. एक दिनदर्शिकेची, एक पत्त्यांची, एक कामांच्या यादीची, एक टिपणांची. यंत्र बंद असले तरी कळ दाबताच त्या कामाचे पान थेट उघडे. नेहमीच्या कामाला एकच कृती पुरावी, हा त्यामागचा विचार. कारागिराने हत्यार हाताच्या अंतरावर ठेवावे तसाच हा प्रकार आहे. चांभाराची रापी आणि आरी त्याच्या उजव्या हाताशी असते, पेटीच्या तळाशी नसते. श्रम करणाऱ्यांच्या जगाला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही.

२००७ साली ॲपलचा आयफोन आला. पडद्यावर चित्रांच्या ओळी आणि खाली एकच कळ होती. कुठेही हरवलात तर ती दाबा, पहिल्या पानावर परत याल. चुकण्याची भीती कमी करणारी ही युक्ती होती, आणि नवशिक्याला सर्वांत मोठा अडसर असतो तो या भीतीचाच. ‘बिघडलं तर?’ हा प्रश्न ज्याच्या घरात दुसरा फोन नाही त्यालाच पडतो. जुलै २००८ मध्ये त्याच कंपनीने ॲपचे दुकान उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. त्याच वर्षी गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन बाजारात आला. आज अशा दुकानांत लाखो ॲप आहेत. चार कळांची सोय लाखोंना पुरत नाही. म्हणून ‘उघडावे कसे’ या प्रश्नाच्या जागी ‘शोधावे कसे’ हा प्रश्न आला. यंत्र जितके समर्थ झाले, तितके नवख्या माणसाला त्यातले आपले काम सापडणे कठीण झाले.

चित्रावर बोट ठेवल्यावर काय घडते?

येथे थोडे यंत्राच्या पोटात शिरू. अँड्रॉइड फोनवर आपण जे पहिले पान पाहतो तेही एक ॲपच असते. त्याला लाँचर म्हणतात. फोनमध्ये कोणकोणती ॲप बसवलेली आहेत आणि त्यांपैकी कोणाला दर्शनी दार आहे, याची यादी तो मूळ प्रणालीकडून मागून घेतो आणि प्रत्येकाचे चित्र व नाव मांडतो. आपण चित्राला स्पर्श केला की तो प्रणालीला एक निरोप धाडतो. या निरोपाला ‘इंटेंट’ म्हणजे उद्देश असे नाव आहे. प्रणाली त्या ॲपसाठी स्मृतीत जागा करते, त्याची आज्ञावली भरते आणि पहिले पान रंगवते. ॲप आधीपासून स्मृतीत असेल तर हे काम क्षणात होते, नसेल तर सारे मुळापासून करावे लागते. या दुसऱ्या प्रकाराला ‘थंड सुरुवात’ म्हणतात. थंड सुरुवातीला ५ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर तो जास्त समजावा, असा गूगलचाच निकष आहे.

आता हे पाहा. ज्या फोनची स्मृती मोठी त्यात बरीच ॲप एकाच वेळी जागी राहू शकतात. स्वस्त फोनची स्मृती लहान, म्हणून एक ॲप उघडताना प्रणाली दुसऱ्याला बाहेर काढते. परिणाम असा की, गरिबाच्या फोनमध्ये जवळजवळ प्रत्येक सुरुवात थंडच होते. पडदा पांढरा राहतो. माणसाला वाटते आपले बोट चुकले, म्हणून तो पुन्हा दाबतो, आणि दुसरा स्पर्श भलत्याच ठिकाणी लागतो. मग आपल्यालाच हे जमत नाही, असे तो मनाशी धरून बसतो. दोष यंत्राच्या किमतीचा असतो आणि न्यूनगंड माणसाच्या पदरी येतो. पिढ्यान्‌पिढ्या ‘तुला हे कळणार नाही’ असे ऐकलेल्या माणसाला हा न्यूनगंड नवीन नसतो. २०१७ साली गूगलने १ जीबी किंवा त्याहून कमी स्मृतीच्या फोनांसाठी अँड्रॉइडची हलकी आवृत्ती आणली. यावरून एवढे दिसते की हा अडथळा निसर्गनियम नाही, मनावर घेतले तर तो कमी करता येतो.

इंटेंट या कल्पनेत आणखी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. निरोप पाठवणाऱ्याने ॲपचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही, नुसते काम सांगितले तरी चालते. ‘हे पैसे द्यायचे आहेत’ एवढेच कळवले की ते काम करू शकणारी सारी ॲप प्रणाली समोर मांडते आणि आपण निवडतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये ही रीत वापरली जाते. भाजीवालीच्या हातगाडीवर चिकटवलेला चौकोनी ठिपक्यांचा कागद, म्हणजे क्यूआर कोड, हाही याच विचाराचा. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. त्यात कोणाला पैसे द्यायचे हे लिहिलेले असते, त्यामुळे नाव-क्रमांक टंकावा लागत नाही. पूर्वी पैशाच्या प्रत्येक कंपनीचा कोड निराळा असू शके. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे स्वतंत्र कोड काढण्यास मनाई केली आणि जुने कोड ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालतील असे करण्यास सांगितले. म्हणजे पाणवठा एक, घागर कोणाचीही चालेल. कामाचे नाव पुरे, दुकानाचे नाव सांगण्याची सक्ती नको, हे तत्त्व मला लोकशाहीचे वाटते.

चित्र सर्वांचे असते काय?

आता मघाचा प्रश्न. चित्र आले म्हणजे निरक्षराची अडचण संपली, असा एक समज आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील अनुसूचित जातींमध्ये साक्षरता ६६.१ टक्के होती, स्त्रियांत ५६.५ टक्के. तेव्हा हा समज तपासून घेणे आपल्या हिताचे आहे.

बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेत इंद्राणी मेधी यांनी २००५ नंतरच्या काळात घरकाम करणाऱ्या स्त्रियांसोबत काम केले. या स्त्रियांना मजुरीच्या जागा शोधता याव्यात म्हणून अक्षरांविना चालणारा संगणकीय पडदा तयार करण्याचा तो प्रयत्न होता. त्यातून काही धडे मिळाले. पहिला असा की, चित्रातून क्रिया दिसली पाहिजे. नुसता नळ काढला तर तो वस्तूचे चित्र होतो, नळातून पाणी वाहताना दाखवले तर धुण्याचे काम कळते. दुसरा धडा असा की चित्राला आवाजाची जोड हवी. तिसरा धडा अधिक खोल आहे. कामे एकाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे अशी फांद्यांसारखी मांडली, तर कमी शालेय शिक्षण झालेल्या माणसाला वाट सापडणे जड जाते, हे त्यांच्या नंतरच्या अभ्यासातून दिसले. सरळ एका यादीत मांडलेले काम लवकर सापडते.

या शेवटच्या मुद्द्याचा आपण विचार केला पाहिजे. ‘सेवा’, तिच्या पोटात ‘नागरिक सेवा’, तिच्या पोटात ‘विभाग’, त्याच्या पोटात ‘योजना’ आणि शेवटी ‘अर्ज’. ही रचना कोणाच्या डोक्यातील आहे? ती सरकारी कार्यालयाच्या डोक्यातील आहे. आपले काम कोणत्या खात्याच्या कोणत्या टेबलावर येते हे ज्याला ठाऊक तोच ते शोधू शकतो. बाईला विधवा-निवृत्तिवेतन हवे असते, तिला खात्याचे नाव नको असते. कार्यालयात ज्याला आपण ‘या टेबलावरून त्या टेबलावर’ म्हणत होतो, तेच आता पडद्यावर आले आहे. पूर्वी निदान शिपायाला तरी विचारता येत होते.

आणि चित्राखालच्या नावाचे काय? देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, म्हणजे मराठीत नाव लिहिण्यास तांत्रिक अडचण कधीच उरलेली नाही. तरीही कितीतरी ॲपचे पहिले पान इंग्रजीत उघडते आणि भाषा बदलण्याची सोय त्या इंग्रजी पानाच्या पोटात असते. कुलूप लावून किल्ली आतच ठेवावी तसा हा प्रकार आहे.

३० डिसेंबर २०१६ रोजी ‘भीम’ हे पैसे देण्याघेण्याचे ॲप सुरू झाले. ते बाबासाहेबांच्या नावाने असल्याचे पंतप्रधानांनी त्या वेळी जाहीर केले. ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ हा प्रबंध १९२३ साली सिद्ध करणाऱ्या अर्थतज्ज्ञाचे नाव रुपयाच्या व्यवहाराला मिळावे याचा कोणालाही आनंदच होईल. परंतु आरंभी हे ॲप हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत होते, मराठी आणि इतर भाषा मागाहून आल्या. चिन्हाला नाव देणे आणि ज्यांचा तो नायक त्यांना ते चिन्ह वाचता येणे, यांत अंतर असते. पुतळा उभारणे आणि पाणवठा खुला करणे यांत जेवढे अंतर, तेवढे.

कागदावर खुले, व्यवहारात बंद

पाणवठ्याचा उल्लेख येथे ओघाने आला असला तरी तो अस्थानी नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला. म्हणजे चवदार तळे कागदावर खुले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आणि हजारो लोकांना चालत जाऊन तेथील पाणी ओंजळीत घ्यावे लागले, मार खावा लागला, आणि खटल्याचा निकाल उच्च न्यायालयातून लागायला १९३७ साल उजाडले. ॲपची पायरी आणि तळ्याची पायरी एका मापाने मोजता येणार नाही. तेथे माणसाला माणूस म्हणून नाकारले होते, येथे बहुधा कोणी विचारच केलेला नसतो. परंतु महाडने आपल्याला एक कसोटी दिली आहे. हक्क ठरावात आहे की नाही हे विचारून थांबू नका, पाणी ओंजळीत आले की नाही ते पाहा.

या कसोटीवर एक अलीकडचे उदाहरण तपासू. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोरोनाची लस घेण्यासाठी ‘कोविन’वर आधी नोंदणी करून वेळ घेणे सक्तीचे झाले. लस सर्वांसाठी होती, पण तिचे दार फोनमध्ये होते. फोन उघडा, संकेतस्थळ उघडा, क्रमांक टाका, ओटीपी मिळवा, केंद्र शोधा, आणि जागा भरायच्या आत हे सारे पुरे करा. हे पान त्या वेळी प्रादेशिक भाषांत नव्हते. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि ज्यांच्याकडे साधने नाहीत त्यांच्या लसीच्या हक्काचे काय, असा प्रश्न सरकारपुढे ठेवला. केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मोकळीक आणि मराठीसह इतर भाषा या गोष्टी त्याच सुमारास, मे-जूनमध्ये, आल्या. दुसऱ्या लाटेतला तो महिना कसा होता हे सर्वांना आठवत असेल. अशा वेळी उशिरा उघडणारे दार म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

पायरी कमी करण्याचे मार्ग

मग सोपे दार कसे असते? त्याची उदाहरणे आहेत आणि त्यांतली काही आपल्या मातीतली आहेत.

पहिले उदाहरण साध्या बटणांच्या फोनचे. *९९# ही खूण लावली की बँकेची सेवा सुरू होते. ती नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये देशभर खुली झाली. तिला इंटरनेट लागत नाही, काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि हिंदी-इंग्रजीसह १३ भाषांत ती मिळते. परंतु तिची अडचणही समजून घ्यावी. यात फोन आणि कंपनीचे यंत्र यांच्यात अक्षरांचे छोटे निरोप जातात, एका निरोपात जास्तीत जास्त १८२ अक्षरे मावतात. वाचायला आणि उत्तर द्यायला वेळ लागला तर संवाद तुटतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे उघडायला सोपी, पण सावकाश वाचणाऱ्याला पार करायला अवघड. दार रुंद असून भागत नाही, आतली वाटही चालता आली पाहिजे. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३ पे’ सुरू केले. त्यात आवाजी सूचनांचा फोन, साध्या फोनातील ॲप, मिस्ड कॉल आणि ध्वनिलहरींची देवाणघेवाण असे चार मार्ग ठेवले. माणसाला जे आधीच येते, म्हणजे फोन लावणे, त्याच्यापासून सुरुवात करायची, हा विचार त्यात दिसतो.

दुसरे उदाहरण ‘सीजीनेट स्वरा’चे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने २०१० साली छत्तीसगडमध्ये ही सेवा सुरू झाली. मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र उलटा फोन करते. १ दाबले की आपली गोष्ट सांगायची, २ दाबले की इतरांची ऐकायची. गोंडीसारख्या भाषेत, जिला छापील वर्तमानपत्रात जागा नाही, आदिवासींनी रेशनच्या, मजुरीच्या, बिघडलेल्या हातपंपाच्या बातम्या सांगितल्या. आपल्या गडचिरोलीतही हीच भाषा बोलली जाते. येथे दार उघडण्यास अक्षर लागत नाही, पैसाही लागत नाही, आणि दारातून आत गेलेला माणूस केवळ ऐकणारा राहत नाही, तो बोलणाराही होतो. सोपेपणाची ही मला सर्वांत वरची पायरी वाटते.

तिसरे उदाहरण कायद्याचे आहे. २०१६ साली केंद्र सरकारने नियम केला की १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये संकटकाळी मदत मागण्याची सोय असावी. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरावा, स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबावी. पडदा पाहण्याची गरज नाही, फोन खिशात असतानाही हे करता येते. फोन पोहोचल्यावर पोलीस येतात की नाही, आल्यावर अत्याचाराची नोंद घेतात की नाही, हा निराळा लढा आहे आणि तो कळ दाबून सुटणार नाही. परंतु ही गोष्ट आपल्या किती घरांत ठाऊक आहे? शिवाय यातून एक गोष्ट सिद्ध होते. यंत्राचे दार कसे असावे हे कायदा ठरवू शकतो, ते केवळ कारखानदाराच्या मर्जीवर सोडण्याचे कारण नाही.

चौथा मार्ग आवाजाचा. २०१७ च्या जिओफोनसारख्या स्वस्त फोनवरही बोलून काम सांगण्याची कळ आली. हा मार्ग आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा, कारण आपली परंपरा बोलण्याची आहे. परंतु त्यात एक मेख आहे. ज्यांचे बोलणे ऐकवून यंत्राला शिकवलेले असते, त्यांचे बोलणे त्याला आधी कळते. वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाडी बोलणाऱ्याला यंत्राने ‘कळले नाही, पुन्हा बोला’ म्हणावे, ही गुरुजींनी ‘शुद्ध बोल’ म्हणून छडी मारण्याचीच नवी तऱ्हा होय. दलित साहित्याने बोलीचा प्रश्न छापील पानावर लढवला, तो आता यंत्राच्या कानापर्यंत न्यावा लागेल. शिवाय आपली शिल्लक किंवा आपला आजार चारचौघांत मोठ्याने सांगावा लागणे हे सर्वांना परवडत नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या बाईला तर नाहीच.

सोपेपणाची दुसरी बाजू

येथवर सोपेपणाची बाजू मांडली. परंतु सोपे ते सारे आपल्या हिताचे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. फोन विकत घेताना पहिल्या पानावर काही चित्रे आधीच बसवलेली असतात. ती तेथे का असतात? माणूस समोर दिसेल तेच उघडतो, हे विकणाऱ्याला ठाऊक असते म्हणून. आपली ॲप आधीच बसवून घेण्याच्या अटींसह अँड्रॉइडच्या बळाचा गैरवापर केल्याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. पहिल्या पानावरची जागा म्हणजे गावातल्या चावडीची जागा आहे. तेथे कोण बसतो यावर सत्ता कोणाची हे ठरते.

आणखी एक बाब. काही पायऱ्या माणसाच्या रक्षणासाठी असतात. यूपीआयमध्ये पैसे देताना पिन लागतो, घेताना लागत नाही. हे ठाऊक नसलेल्याला ‘तुम्हाला पैसे आले आहेत, पिन टाका’ असे सांगून लुबाडले जाई. पैशाची मागणी धाडणे सोपे केले, पण मागणी आणि प्राप्ती यांतला फरक सोपा करून सांगितला नाही. शेवटी व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करावी लागली. तेव्हा किती पायऱ्या काढल्या एवढेच मोजू नये, कोणती काढली आणि कोणासाठी काढली तेही पाहावे. घराची कडी आतल्या माणसाला सहज काढता यावी, चोराला नव्हे.

आपण काय मागावे?

आपण मागितले नाही तर हे आपोआप होणार नाही. माझ्या मते मागण्या पुढीलप्रमाणे असाव्यात. सरकारी कामाचे कोणतेही ॲप किंवा संकेतस्थळ उघडताच पहिला प्रश्न भाषेचा असावा आणि तो त्या त्या भाषेतच विचारलेला असावा. कामे खात्यांच्या नावाने न मांडता लोक ज्या नावाने ती ओळखतात त्या नावाने, एका सरळ यादीत मांडावीत. चित्रासोबत आवाज असावा. सर्वांत स्वस्त फोनवर चाचणी झाल्याशिवाय आणि कमी शिकलेल्या माणसाने ते स्वतः उघडून पाहिल्याशिवाय ॲप लोकांपुढे आणू नये. जे काम ॲपवर होते ते साध्या फोनवरूनही व्हावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, माणूस बसलेली खिडकी बंद होऊ नये. ॲप हा एक मार्ग असावा, एकमेव मार्ग नसावा.

काही काम आपल्याकडेही आहे. प्रत्येक वस्तीत वाचनालय असावे असे आपण म्हणत आलो. त्याच वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी की शिकलेल्या मुलामुलींनी आईबापांचा अर्ज भरून न देता, तो त्यांच्याच बोटांनी भरून घ्यावा. वेळ लागेल, चुका होतील. पण मुलाने भरून दिलेल्या अर्जात मुलगा मध्यस्थ होतो, आईने भरलेल्या अर्जात आई अर्जदार होते. पिन कोणालाही, घरातल्यालाही, सांगायचा नाही, हेही तेथेच शिकवावे.

यंत्र आपले मुक्तिदाते नाही आणि आपले शत्रूही नाही. ते ज्याने बांधले त्याच्या मनातला माणूस त्यात असतो. त्या मनात शेतमजूर बाई नसेल, सफाई कामगार नसेल, नुकतीच अक्षरे लावू लागलेली म्हातारी नसेल, तर ती यंत्रातही असणार नाही. तिला तेथे आणणे हे आपले काम आहे. ज्या दिवशी तिला आपले काम काढायला दुसऱ्याचे बोट लागणार नाही, त्या दिवशी दार सोपे झाले असे म्हणावे. तोपर्यंत त्याला सोपे म्हणण्याची घाई करू नये.